कानाला खडा

गॅरेजची पाटी पंधरा वर्षांपूर्वी वाऱ्याने खाली आली, ती कुणी पुन्हा वर चढवलीच नाही. गरजच नव्हती. गल्लीच्या तोंडाशी "कानमास्तर कुठे बसतात?" एवढं विचारलं की कुणीही न वळता नुसता हात करायचं. मास्तरांनी आयुष्यात कुणाला शिकवलेलं नव्हतं. स्वतः आठवीच्या वर्गात दोन वर्षं बसले होते. मास्तरकी चिकटली ती कानामुळे.

वेगाचं वेड लागलेली माणसं साध्या गाडीला टर्बो बसवून घेतात. टर्बो म्हणजे इंजिनाच्या नाकातोंडात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. तो बसवला की इंजिनाचं आधीचं सगळं गणित चुकतं, आणि वाद्य लावावं तसं ते इंजिन नव्याने लावावं लागतं. कोणत्या वेगाला किती पेट्रोल, ठिणगी किती अंश आधी, हे आकडे लॅपटॉपवरून इंजिनाच्या संगणकात भरायचे. ठिणगी जितकी आधी, तितकी ताकद जास्त. पण हावरटपणा केला की पेट्रोल ठिणगीची वाटच बघत नाही, आपल्या मर्जीने भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर घण घातल्यासारखं आदळतं. असं दहा-वीस सेकंद चाललं की इंजिन गेलं म्हणून समजा. पत्र्याच्या डब्यात चार खडे टाकून हलवावेत तसा त्याचा आवाज येतो, म्हणून गल्लीत त्याला 'खडे' म्हणत. खडे वाजले की हात आखडायचा, एवढंच शास्त्र. पण टर्बोच्या किंकाळीत आणि चाचणीसाठी चाकांखाली फिरणाऱ्या रोलरच्या घरघरीत ते खडे ऐकू येणार कुणाला?

मास्तरांना यायचे. एक तांब्याची नळी, तिचं एक टोक ठोकून चपटं केलेलं आणि इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या लोखंडी धडावर, बोल्टने आवळलेलं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, आणि ती शिरायची त्यांच्या कानांवरच्या जाड टोपणांमध्ये. ती टोपणं चढवून मास्तर गाडीत बसले की जगाशी त्यांचा संबंध संपायचा. गाडी जागच्या जागी रोलरवर धावायची. सगळं ठीक असेल तर ते काचेतून अंगठा वर करायचे. त्या अंगठ्याच्या भरवशावर लोक डोळे झाकून घाटात गाड्या पळवायचे. शेजारचा वेल्डर म्हणायचा, "भिंतीला कान असतात म्हणे, पण मास्तरांचा एक कान आणि गल्लीतल्या सगळ्या भिंती, तरी पारडं मास्तरांचंच जड."

आता सांगायचं ते सरळ सांगून टाकतो, कारण मास्तरांनी ते कुणालाही सांगितलं नाही. त्या कानाला खडे ऐकू येईनासे झाले होते.

घरी आधी कळलं. कपड्यांचं मशीन काम संपल्यावर बारीक आवाजात ओरडत राहायचं आणि मास्तर त्याच्या शेजारी बसून निवांत पेपर वाचायचे. बायको आतून यायची. "अहो, कधीचं बोंबलतंय ते! कानात बोळे घातलेत का?" मास्तर म्हणायचे, लक्ष नव्हतं. बायकोला तीस वर्षं ते लक्ष नसल्याचंच कारण ऐकायची सवय, त्यामुळे पहिलं वर्षभर खपून गेलं. मग तिने हट्टाने कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. सोबत येते म्हणाली, तर हे म्हणाले, "मी काय लहान आहे का?"

बाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, कानात आवाज सोडले आणि मग एक कागद पुढे ठेवला. तो आलेख बघून मास्तरांना काही समजावून सांगावं लागलं नाही. दिवसभर आलेख बघण्यातच त्यांचा जन्म गेलेला. रेघ सरळ चालली होती आणि चार हजार हर्ट्झच्या पुढे एकदम विहिरीत पडली होती. खडे जिथे वाजतात, नेमक्या त्याच जागी. तीस वर्षं रोलरच्या खोलीत बसून, नळीने तो आवाज वेचून वेचून ज्या जागेवर घेतला, तीच जागा झिजली. नळीत खड्यांच्या पट्टीतलाच आवाज शिरायचा, बाकीचा बाहेर राहायचा. गिऱ्हाइकाच्या गाडीचा असा आलेख आला असता तर मास्तर म्हणाले असते, सोडा काळजी, भरून काढू.

"हे भरून निघत नाही," बाई म्हणाल्या. "यंत्र लावलं तर बोलणं बरं कळेल. पण तुमच्या कामातला तो आवाज... नाही सांगता येत."

मास्तरांनी कागदाची चौघडी केली आणि गॅरेजमध्ये स्पार्क प्लगच्या ड्रॉवरमध्ये, तळाला सरकवली. घरी सांगितलं, मळ होता, काढला.

त्याच दिवशी त्यांनी तांब्याची नळी सोडवून स्वच्छ केली. रबरी नळी नवी घातली. टोपणांचे फोम बदलले. आठवडाभर त्यांनी मनाची समजूत घातली की नळीच बुजली होती. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हलक्या कानाचा दुसरा कुणी नाही.

पुढचे आठ महिने धंदा चालला, पण कसा? मास्तर प्रत्येक गाडीत ठिणगी तीन-चार अंशांनी मागेच ठेवायचे. खडे वाजायच्या गावालाच जायचं नाही, मग ऐकू येवो न येवो. गाड्या सुखरूप जायच्या. फक्त पूर्वीची गंमत नसायची. "मास्तर, जरा मठ्ठ वाटते हो," कुणी म्हणायचं. मास्तर पेट्रोलवर खापर फोडायचे. हल्ली पेट्रोलच तसलं येतं. पेट्रोल बिचारं कुठे उलटून बोलणार?

हे असंच निभावलं असतं. पण मग धाकट्याची गाडी तयार झाली.

धाकटा म्हणजे मास्तरांचा सख्खा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम. हात सोन्याचे, बोलणं मात्र तोंडातल्या तोंडात. कायम कुठल्यातरी खोक्यात डोकं घालून पुटपुटणार. चार वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून त्याने ती गाडी स्वतःच्या हाताने उभी केली होती. त्याला हवा होता तो इंजिनाचा ब्लॉक ओतणं कारखान्याने कधीच बंद केलेलं. दोन वर्षं शोधल्यावर एक मिळाला, आणि तो देणारा म्हणाला होता, "असा दुसरा बघितलास तर मलाच सांग." आत घडीव पिस्टन, बाहेर हा एवढा टर्बो. वायरिंगची प्रत्येक तार धाकट्याने स्वतः ओढलेली, प्रत्येक टोकाला बारीक अक्षरात चिठ्ठी. त्याची बायको म्हणायची, "लग्नात आमच्याकडे कुणी एवढं बघितलं नव्हतं."

एका सकाळी तो गाडी ढकलत गॅरेजमध्ये घेऊन आला. खिशातून कागद काढला. इंजिनाला आता मेंदू हवा होता. सॉफ्टवेअर आणि त्याचा संगणक एकत्रच येतात, आणि कोणतं घ्यायचं ते दादाला विचारून ठरवायचं होतं. कागदावर तीन नावं होती. पहिलं, कंपनीच्याच जुन्या संगणकात आकडे बदलणारं. ते दोघांनी मिळून लगेच खोडलं. एवढी हवा त्याला मोजताच आली नसती. उरली दोन.

"हे नवं," बॉनेटमध्ये वाकून धाकटा पुटपुटला. मास्तरांना त्याच्या शेजारी जाऊन वाकावं लागलं. "यात ब्लॉकवर सेन्सर बसतो. खडे वाजले की ते स्वतःच ऐकतं, पडद्यावर लाल रेघ काढतं, आणि त्या सिलिंडरची ठिणगी स्वतःच मागे घेतं. मी सेन्सर आणून बसवूनही ठेवलाय, बघ. आणि दुसरं आपलं जुनं. तू वापरतोस ते. त्यात असलं काही नाही. तिथे ऐकायचं काम तुझं."

किमतीत म्हणावा तसा फरक नव्हता. फरक एवढाच, की एकात कान होता आणि दुसऱ्यात नव्हता.

मास्तरांनी त्या सेन्सरकडे पाहिलं. करंगळीच्या पेराएवढा काळा गोळा, मधोमध बोल्ट. तीस वर्षं ज्याच्यावर मास्तरकी चालली, ते काम आता हा करणार. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हेच. पण खरं सांगायचं तर राग त्याचा नव्हता. या सेन्सरचा हात धरला तर आपली सुटका आहे, हे त्यांना त्याच क्षणी लख्ख कळलं. 'नवं घे' एवढे दोन शब्द. कुणी काही विचारलंही नसतं. पण नव्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर लाल रेघ उमटणार, आणि त्याच वेळी कानावर टोपणं चढवून बसलेले मास्तर अंगठा वर करून बसलेले असणार. धाकटा शेजारीच उभा. मग?

"नवं नको," मास्तर म्हणाले.

"का रे?"

"घडीव पिस्टन आहेत ना तुझे? ते थंड असताना खडखडतात. तुझ्या सेन्सरला खडखड कुठली आणि खडे कुठले, यातला फरक कळत नाही. उगाच घाबरून ठिणगी मागे खेचत बसेल. गाडी होईल म्हातारी. कानाला फरक कळतो."

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. कुठल्याही जाणकाराने मान डोलावली असती. खोटा होता तो फक्त बोलणारा.

धाकटा बॉनेटमधून बाहेर आला, हात पुसले आणि हसला. "मला माहीत होतं तू हेच म्हणशील. मला कुठे सॉफ्टवेअर हवंय रे दादा? मला तुझा कान हवाय."

मास्तर काहीतरी बोलणार होते. ते तोंडाशी आलेलं शेवटी गिळलं गेलं, आणि त्याची चव पुढे कितीतरी दिवस गेली नाही. धाकट्याने सेन्सर काढला नाही. त्याची वायर तेवढी नीट गुंडाळून बाजूला बांधली. 'पुढेमागे लागला तर' म्हणाला.

पंधरा दिवसांनी गाडी रोलरवर चढली. सकाळचे अकरा, दार सताड उघडं, पुढे मोठा पंखा. वेल्डर चष्मा कपाळावर ढकलून दारात उभा. धाकटा पंख्याशेजारी, इंजिनाच्या तोंडासमोर, हातात इंजिन बंद करायचं बटण. तिथून त्याला ताकदीचा आकडा दिसत होता. मास्तरांनी नळी आवळली, टोपणं चढवली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पाय दाबला.

पहिली फेरी ठरल्याप्रमाणे, ठिणगी बरीच मागे ठेवून. आकडा आला तो धाकट्याने स्वतः काढलेल्या हिशेबापेक्षा कितीतरी कमी. त्याने काचेजवळ येऊन हातवारे केले. मास्तरांनी टोपण सरकवलं.

"हे काहीच नाही दादा. अजून आहे यात. खडे वाजतायत का?"

"नाही."

"मग दे की दोन अंश. एवढा काय घाबरतोस?"

बाहेरच्या गिऱ्हाइकाला पेट्रोलचं कारण सांगता आलं असतं. धाकट्याने पेट्रोल स्वतः आणून, स्वतः तपासून भरलं होतं. मास्तरांनी दोन अंश दिले. कानात टर्बोची शीळ, रोलरची घरघर, आणि त्यांच्या मधोमध एक मऊ, गप्प पोकळी. पूर्वी तिथे खडे असायचे किंवा शांतता असायची, आणि दोन्हींत फरक असायचा. आता दोन्ही सारखेच. मास्तरांनी अंगठा वर केला.

आकडा वाढला. लहानपणी पतंग वर गेला की उजळायचा, तसा धाकट्याचा चेहरा उजळला. वेल्डरने टाळी वाजवली. मास्तरांनी आणखी एक अंश दिला. यावेळी कुणी मागितलाही नव्हता.

शेवटच्या फेरीत पाय पूर्ण दाबला होता. मास्तरांना काचेतून धाकटा दिसत होता. त्याने एकदा मान वाकडी केली, इंजिनाकडे बघितलं, मग एक्झॉस्टकडे बघितलं, मग मास्तरांकडे. मास्तरांनी अंगठा वर केला. धाकट्याने मान हलवली आणि पुन्हा आकड्याकडे बघू लागला. चार सेकंद, पाच सेकंद. मग खालून एक धक्का आला, तो मास्तरांना कानाने नाही, बुडाखालच्या सीटमधून कळला. बॉनेटमधून निळा-पांढरा धूर उठला आणि सगळं थांबलं. पंखा तेवढा फिरत राहिला.

मास्तरांनी सीटवर बसूनच टोपणं गळ्यात ओढली. मग धाकट्याने पंखा बंद केला, प्लग काढले, सिलिंडरमध्ये कॅमेऱ्याची तार सोडून पाहिलं. तिसऱ्या पिस्टनची कड कुरतडल्यासारखी झाली होती आणि एक तुकडाच नाहीसा झाला होता. सिलिंडरच्या भिंतीवर नखभर खोल चरा. ब्लॉक संपला. ज्याला दुसरा नव्हता तो.

"शेवटी काहीतरी वाजत होतं," धाकटा म्हणाला. आता तो मास्तरांच्या समोर होता म्हणून ऐकू गेलं. "खडखड. मला वाटलंही, खडेच आहेत. पण तू अंगठा वर केलास. म्हटलं, दादाला ऐकू येत नाहीये म्हणजे ते खडे नाहीतच. एक्झॉस्टचं ब्रॅकेट ढिलं असेल." त्याने कॅमेऱ्याची तार गुंडाळली. "हातात बटण होतं रे माझ्या. दाबलं असतं तर थांबलं असतं. म्हटलं, आपलाच कान खोटा."

तेव्हा तरी बोलायचं. तेव्हा तरी! पण बुडत्याला काडीचा आधार, आणि मास्तरांच्या हाताला जी काडी लागली, ती त्यांनी स्वतःच्या भावाच्या घरातून उपसली.

"खडे नव्हते," ते म्हणाले. "असते तर मला कळलं नसतं का? वायरिंग बघ तुझं. अर्थिंगची तार तुटली असेल कुठेतरी, ठिणगी भलतीकडेच पडली असेल."

धाकट्याच्या तोंडावरचा रंग उडाला. चार वर्षं ओढलेल्या तारा, प्रत्येकीला चिठ्ठी. पण दादा म्हणतोय म्हटल्यावर तो उठला, पिशवीतून आपला मीटर काढला. लिफ्टवाल्यांचा नेहमीचाच, तारेच्या दोन टोकांना त्याच्या दोन सुया लावायच्या, तार अखंड असेल तर तो बारीक आवाजात ओरडतो. त्याने मीटर मास्तरांच्या मांडीवर ठेवला, एक सुई त्यांच्या हातात दिली, दुसरी लांब तारेने जोडून स्वतः इंजिनाकडे घेऊन गेला.

"त्या चौकोनी प्लगमध्ये, कोपऱ्यातलं भोक. धरून ठेव. वाजलं की सांग."

मास्तर डॅशबोर्डखाली वाकले. भोक बारीक, डोळे अगदी तिथे लावावे लागले. सुई आत गेली. ते थांबले. आणि खोटं कशाला बोला, मनातल्या मनात त्यांनी प्रार्थना केली, की तार तुटलेली असू दे. धाकट्याची चूक निघू दे.

काही वाजलं नाही.

"नाही वाजत!" ते ओरडले. आवाजातला आनंद त्यांचा त्यांनाच ऐकू आला. तेवढं त्यांना अजून ऐकू येत होतं. "बघ, म्हटलं नव्हतं? तुटलीच आहे तार!"

पुढून उत्तर आलं नाही. मास्तरांनी आणखी थोडा वेळ सुई धरून ठेवली. मग मान वर केली. धाकटा गाडीच्या उघड्या दाराशी उभा होता. त्याच्या हातात काही नव्हतं. त्याची सुई तिकडे इंजिनावर चिमट्याने लावलेली. तो मास्तरांच्या मांडीकडे बघत होता. दारातला वेल्डरही तिकडेच बघत होता. मास्तरांनी खाली पाहिलं. मीटरच्या पडद्यावर शून्य होतं आणि वरच्या कोपऱ्यात घंटेचं चित्र लुकलुकत होतं. त्यांच्या स्वतःच्या मांडीवर तो केव्हाचा बोंबलत होता.

धाकट्याने हात पुढे केला आणि मीटर बंद केला. फरक काहीच पडला नाही. आधीही शांत होतं, नंतरही शांत.

ओरडला असता तर बरं झालं असतं. गळपट्टी धरली असती, जन्मात तोंड बघणार नाही म्हणाला असता, तर मास्तरांनी ते पदरात घेतलं असतं. धाकटा तसलं काही बोलला नाही. तो उकिडवा बसला, मास्तरांच्या अगदी समोर, आपलं तोंड त्यांना नीट दिसेल असं. आणि जन्मभर तोंडातल्या तोंडात बोलणारा तो माणूस एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणाला:

"दादा. घरी. चल. जेवून. घे."

हा आवाज मास्तरांच्या ओळखीचा होता. वडिलांना शेवटच्या काळात ऐकू येत नव्हतं, तेव्हा दोघे भाऊ याच आवाजात त्यांच्याशी बोलायचे. जेवलात का. गोळी घेतलीत का. झोपा आता. बाकी सगळं, बातम्या, भांडणं, थट्टा, काय करायचं आणि काय नाही, ते वडिलांच्या डोक्यावरून एकमेकांशी. वडील या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत बसायचे, आणि सगळे हसले की मागाहून हसायचे. त्यात आपण काही वाईट करतोय असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

मास्तरांनी मान हलवली. गळ्यात अडकलेली टोपणं काढून सीटवर ठेवली. बायको म्हणायची, एकदा तरी कानाला खडा लावा हो. आता लावून काय उपयोग?

धाकटा उठला आणि वेल्डरकडे गेला. दोघे दारात उभे राहिले. धाकट्याने खालच्या आवाजात, नेहमीसारखं, काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगत होता. वेल्डरने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा मास्तरांकडे, आणि मान डोलावली.

काय ठरलं ते मास्तरांना कळलं नाही. दोघांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा ते मागाहून हसले.